हवा नसलेल्या ग्रहावर

एकोणचाळिसाव्या मिनिटाला राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते.
मला कोण सांगणार, मीच शिवली होती ती,
नेटीच्या फाटक्या स्लीपिंग बॅगमधून उसवून.
रेजायनाहून आलेली मुलगी वहीत फुली मारते.
मार, बाई.
मी तेव्हाच म्हणाले होते ऑरिस्टला,
जनावराला पाठमोरं करू नकोस.
पण कॅमेरा भाड्याचा, सोमवारी परत द्यायचा,
आणि आत होता ड्वेन, पोस्टातला,
ज्याला उजव्या भोकातून काही म्हणता काही दिसत नव्हतं.
तो भलतीकडं वळला
आणि भिंतीवर दात विचकत राहिला
चांगलं सव्वा मिनिट, जीव तोडून.

आज तो दुसऱ्या रांगेत बसलाय, मांडीवर कोट,
आणि हॉल हसला तेव्हा
सगळ्यांत मोठ्यानं तोच.

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात, पैशाचं येत नाही.
आम्ही उरलेली सगळी आणली.
चंद्र म्हणजे को-ऑपमधला दिव्याचा काचगोळा,
तीन रात्री एकाच खिळ्यावर उगवलेला.
यान म्हणजे धान्याचं बंद पडलेलं लाकडी कोठार,
भिंतीवरचं 'गहू, प्रत दुसरी' पुसायचं राहिलेलं.
रक्त बीटचं. बोर्श्टसाठी ठेवलेली बरणी
ऑरिस्टनं न विचारता उचलली,
आणि सात जानेवारीच्या नाताळाला
आई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.
संदेश कुणी पाठवला, ते शेवटपर्यंत कळत नाही.
तो प्रसंग होता. चांगला होता.
डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि उजेडानं खाल्ला.

दिवे तीनच होते आमच्याकडं. त्यातला एक तडकला.
म्हणून तिथून पुढची वीस मिनिटं नुसता काळोख,
आणि काळोखात फेडोरच्या खाटीकखान्यातली शीतपेटी घुमते,
रात्री दोनला, उशीखाली टेपरेकॉर्डर दाबून घेतलेली.
मग वरून कुणीतरी उतरतं.
(वाटाणे. पत्र्याच्या पन्हाळीतून सोडलेले, पोतंभर.)
येतं, येतं, थांबतं,
आणि तुमच्याच खुर्चीमागं पुन्हा सुरू होतं.

इथं कुणी हसत नाही.
ड्वेनही नाही, ज्याला पक्कं ठाऊक आहे
की त्या काळोखात राक्षस नव्हताच,
तो बाहेर ट्रकमध्ये पाय शेकत बसला होता.
मुलीची पेन्सिल कागदापासून बोटभर वर.
परवडलं नाही ते किती छान भिववतं.
परवडलं ते बघा: रबराचा हात, पाच बोटांचा,
सहावं चिकटेना.

आणि मग शेवट.
संहितेत लिहिलंय, ग्रहावर हवा नाही.
डॉक्टर हेल्मेट काढतो. मरायलाच काढतो.
आमचा डॉक्टर म्हणजे मायरन,
अठरा वर्षं त्याच कोठारात धान्याची धूळ गिळलेला,
माझा नवरा, ज्याला एक वाक्य धड पाठ होत नव्हतं,
म्हणून ऑरिस्टनं त्याला वाक्यच दिलं नाही.
उभा राहा म्हणाला. वर बघ.
बाहेर उणे एकतीस.
त्याच्या तोंडातून वाफ निघते,
जाड, पांढरी, चंद्राच्या खिळ्यापर्यंत जाणारी.

मुलगी माझ्याकडं वाकते, अगदी अदबीनं:
हवाच नाही, तर ही वाफ कसली?

मी म्हटलं, चूक आहे. लिही.
ठळक लिही.
अठ्ठ्याण्णव साली दवाखान्यात
नळीशी भांडता भांडता संपली ती फुप्फुसं,
आणि इथं, नियम धाब्यावर बसवून,
कशी सहज चालली आहेत.

मी मोजते. दरवेळी मोजते.
अकरा.
बारावा तो छातीत भरतो, खांदे उचलतो,
आणि पडदा पांढरा होतो.
काही अर्थबिर्थ नाही त्यात.
फिल्म तेवढीच विकत घेतली होती.